बास्केटबॉल संघ पगार कशाचा देतो?
(नागपुरात खेळाडू आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मित्रहो, आणि मुद्दाम वेळ काढून आलेल्या आई-वडिलांनो,

नागपुरातल्या कुठल्याही बास्केटबॉल मैदानाच्या कडेला संध्याकाळी दहा मिनिटं उभे राहा. चौदा वर्षांचा, सहा फुटांना टेकलेला मुलगा तुम्हाला बोर्डाखालीच सापडेल. उंच आहे ना, मग तिथेच उभा राहा, असं त्याला सांगितलेलं असतं. बाकीचे चेंडू वर फेकतात, हा झेलतो आणि रिंगमध्ये घालतो. शालेय स्पर्धा जिंकली जाते, त्याच्या नावावर गुण लागतात, घरी कौतुक होतं. त्याची पुढची कारकीर्द अडते ती नेमकी इथे.

हाच मुलगा अठराव्या वर्षी सहा फूट तीन इंचांवर थांबतो. ऑस्ट्रेलियात, युरोपात किंवा अमेरिकेत ही उंची गार्डची, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणाऱ्याची आहे. गार्डला दोन्ही हातांनी, अंगावर माणूस असताना, मान वर ठेवून ड्रिबल करावं लागतं, म्हणजे चेंडू आपटत पुढे न्यावा लागतो. पिक अँड रोलमध्ये, म्हणजे सहकारी बचावपटूची वाट अडवून रिंगकडे वळतो तेव्हा, अर्ध्या सेकंदात ठरवावं लागतं की स्वतः शिरायचं, आत पास द्यायचा की कोपऱ्यात चेंडू काढायचा. यातलं काहीच त्या मुलानं चार वर्षांत केलेलं नसतं. तो वाईट खेळाडू नसतो, पण त्याला जे येतं त्याची तिथे कुणाला गरज नसते.

आज मला मुख्यतः हेच सांगायचं आहे. व्यावसायिक संघ खेळाडूला पगार देतो तो एखाद्या ठरावीक कामाचा. ‘सगळं थोडं थोडं येतं’ याला बाजार नाही. हिशेब करा. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सामना दहा-दहा मिनिटांच्या चार सत्रांचा. पाच जागा गुणिले चाळीस, म्हणजे संघाजवळ एकूण २०० मिनिटं. संघात बारा जण. त्यातले आठ-नऊच नियमित खेळतात आणि चेंडू बहुतेक वेळ दोघा-तिघांच्या हातात असतो. उरलेल्यांना पंधरा-एक मिनिटं मिळतात. या पंधरा मिनिटांत कोपऱ्यातून येईल तो चेंडू न घुटमळता मारायचा, किंवा समोरच्या सर्वांत चांगल्या गार्डला रोखायचं, किंवा रिबाउंड, म्हणजे हुकून परतलेला चेंडू, आणायचा. यातलं एक काम जो रोज त्याच दर्जानं करतो, त्याचाच करार पुढच्या वर्षी वाढतो.

तीन गुणांचा शॉट ३४ टक्के पडला तर प्रत्येक प्रयत्नाला १.०२ गुण मिळतात. दोन गुणांचा ५० टक्के पडला तर १. म्हणूनच जगभरचे संघ नेमबाजांना पैसे मोजतात, आणि बोर्डाखालच्या उंच माणसानंही बाहेर येऊन गार्डला अडवावं अशी अपेक्षा करतात. पंजाबचा सतनाम सिंग भामरा २०१५ मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या लीगच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) निवडला गेलेला पहिला भारतीय. डॅलस मॅव्हरिक्सनं त्याला ५२व्या क्रमांकावर घेतलं. सात फूट दोन इंच उंची, तरी एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. अवाढव्य, पण सावकाश हलणाऱ्या सेंटरची, म्हणजे बोर्डाखालच्या खेळाडूची, जागा त्याच काळात आकसत होती. भारताच्याच अमज्योत सिंगला २०१७-१८ मध्ये एनबीएच्या खालच्या स्तरावरच्या जी लीगमध्ये ओक्लाहोमा सिटी ब्लू संघात जागा मिळाली. तो उंच असूनही बाहेरून शॉट मारतो, हे त्यामागचं मोठं कारण आहे असं मला ठामपणे वाटतं. त्याच हंगामात अमृतपाल सिंग ऑस्ट्रेलियात सिडनी किंग्जकडून खेळला.

आता शॉटकडे येऊ, कारण हे काम घराजवळच्या मैदानावर शिकता येतं.

रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर असते, तिचा आतला व्यास ४५ सेंटिमीटर आणि चेंडूचा साधारण २४. ऐकायला भरपूर जागा वाटते. पण चेंडू सरळ वरून पडत नाही, तिरपा येतो, आणि तिरप्या चेंडूला रिंग चपटी दिसते. ४५ अंशांत आला तर त्याच्यापुढे जवळजवळ ३२ सेंटिमीटरची फट असते, म्हणजे आठ सेंटिमीटर मोकळी. ३० अंशांत आला तर फट साडेबावीस सेंटिमीटरची, चेंडूपेक्षाही लहान. असा चेंडू रिंगला न घासता आत जाऊच शकत नाही. म्हणून सपाट शॉट मारणाऱ्या मुलाला ‘जोर लाव’ सांगून उपयोग नाही. कोपर डोळ्यांच्या वर जाऊन मगच चेंडू सुटतोय का, ते बघा.

सपाट शॉटचं मूळ बहुतेक वेळा चुकीच्या चेंडूत असतं. सात नंबरचा चेंडू मोठ्या मुलांचा आणि पुरुषांचा, सहा नंबरचा मुलींचा आणि महिलांचा, पाच नंबरचा लहानग्यांचा. दहा वर्षांच्या पोराला सात नंबरचा चेंडू दिला की तो दोन्ही हातांनी, खांद्यापासून ढकलतो. रिंगपर्यंत पोचण्याचा त्याला दुसरा मार्गच नसतो. ही सवय पुढे मोडायला वर्षं जातात. आईबाबा, पाच नंबरचा चेंडू आणा, मंडळात खाली करता येणारी रिंग असेल तर तीच वापरा. एवढ्या छोट्या गोष्टीनं किती मुलांचा हात वाचेल!

सराव मारलेल्या शॉट्सवर मोजू नका, पडलेल्यांवर मोजा. पाच जागा ठरवा, प्रत्येक जागेवरून दहा पडेपर्यंत हलू नका, किती प्रयत्न लागले ते वहीत लिहा. त्याच जागांवर दमल्यानंतर पुन्हा करा. दोन्ही आकड्यांतली तफावत म्हणजे तुमच्या पायांची खरी स्थिती. फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) एका दमात पन्नास मारू नका. सामन्यात ते दोन-दोन मिळतात, तेही धापा टाकताना. मैदानाच्या चार फेऱ्या धावा, दोन मारा, पुन्हा धावा.

आपल्याकडे सिमेंटची मैदानं आणि मे महिन्यात ४५ अंशांचा पारा. उन्हाळी शिबिर सकाळी आठ-साडेआठला संपलंच पाहिजे. सरावाआधी आणि नंतर कमी कपड्यांत वजन करा. एक किलो घटलं तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी मीठ-साखरेसह पोटात गेलं पाहिजे. नुसतं पाणी ढोसून भागत नाही, घामातून मीठही गेलेलं असतं. सिमेंटवर उड्यांचा सराव आठवड्यातून दोनदाच ठेवा. वाढत्या वयात गुडघ्याच्या खालच्या टेंगळाशी दुखणं बऱ्याचदा याच अतिरेकातून येतं.

सर्वांत जास्त मुरगळतो तो घोटा. सूज उतरली की मुलं मैदानावर हजर होतात आणि तोच घोटा पुन्हा मुरगळतो. दुखऱ्या पायावर डोळे मिटून अर्धा मिनिट तोल राहत नसेल, एका पायावर उड्या मारताना भीती वाटत असेल, तर खेळू नका. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटून शस्त्रक्रिया झाली तर किमान नऊ महिने थांबायचं, आणि दुखापत झालेल्या मांडीची ताकद दुसरीच्या ९० टक्क्यांवर आल्याशिवाय सामना नाही. स्पर्धेच्या तारखेवर परतीचा दिवस ठरवणं सरळ सरळ चूक आहे.

पावडरींबद्दल एकच सांगतो. सतनामवर नाडाच्या, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, समितीनं दोन वर्षांची बंदी घातली ती हायजेनामाइन या पदार्थामुळे. हा पदार्थ वजन घटवणाऱ्या आणि व्यायामाआधी घ्यायच्या काही पुरवण्यांत असतो. डब्यावर काय छापलंय यावर विसंबू नका. अंडी, दूध, डाळ, भाकरी यांवर अठराव्या वर्षापर्यंतचं शरीर उत्तम घडतं.

आता पोटापाण्याचं. भारतात बास्केटबॉलवर स्थिर पगार देणारी जागा आजही मुख्यतः नोकरीच आहे: रेल्वे, सेनादलं, पोलीस, ओएनजीसी, काही बँका. युबीए ही लीग २०१५ ते २०१७ चालली आणि थांबली, नंतर २०२२ मध्ये आयएनबीएल ही दुसरी लीग आली. लीगचा करार काही आठवड्यांचा किंवा महिन्यांचा असतो. तो घ्या, पण त्याच्या भरवशावर पदवी सोडू नका.

नागपुरात मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे, दोन्हींचे विभाग आहेत. रेल्वेच्या क्रीडा कोट्यात १०० गुणांपैकी ५० खेळातल्या मान्य कामगिरीला, ४० प्रत्यक्ष चाचणीला, १० शिक्षणाला. चाचणीत ४० पैकी २५ आले नाहीत तर पुढचं काही बघतच नाहीत. जुनी पदकं घेऊन पोट सुटलेल्या अवस्थेत गेलेला माणूस इथेच बाद होतो. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून अर्ज करण्याआधीच झालेली हवी. जाहिरात आल्यावर धावपळ करणाऱ्यांची वर्षं यातच गेली आहेत.

अमेरिकेतल्या महाविद्यालयाचं स्वप्न असेल तर निर्णय नववीतच घ्यावा लागतो. एनसीएए ही तिथल्या महाविद्यालयीन खेळांची संस्था. तिच्या पहिल्या श्रेणीसाठी नववी ते बारावी या चार वर्षांतले १६ मुख्य विषय आणि ४ पैकी किमान २.३ सरासरी मागतात. नववीची गुणपत्रिका हरवली म्हणून अडलं, असं व्हायला नको.

परदेशी क्लबशी करार झाला तर आपल्या महासंघाकडून मुक्ततापत्र लागतं. ते येईपर्यंत खेळता येत नाही. अठरा वर्षांखालील खेळाडूला देश बदलून खेळायची परवानगी केवळ अपवाद म्हणून मिळते. एजंट फिबाचा, म्हणजे जागतिक बास्केटबॉल महासंघाचा, परवाना असलेलाच हवा. आणि करारात तीन गोष्टी बोट ठेवून वाचा. दुखापत झाली तर पगार चालू राहतो का. किती दिवस पैसे थकले की तुम्ही मोकळे होता. वाद कुठे चालणार. शेवटच्या मुद्द्यासमोर फिबाच्या बास्केटबॉल लवादाचं, म्हणजे बॅटचं, नाव लिहिलेलं असावं. ते नसेल तर थकलेल्या दोन पगारांसाठी परक्या देशात, परक्या भाषेत, स्वतःच्या खर्चानं वकील शोधावा लागतो. सही करण्याआधी ते कलम घालून मागा.