ग्रॅनाइट कडेलाच का फुटतो

(कोल्हापुरातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, खाणीत काळा दगड फोडताना आपले पाथरवट काय करतात बघा. रेघ मारायची, रेघेवर छिद्रं पाडायची, त्यात पाचरी बसवायच्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक ठोका देत जायचं. थोड्या फेऱ्यांत दगड उलतो. तो चिरडला जात नाही, आडवा ओढला जाऊन फाटतो. ग्रॅनाइटचंही तसंच. तो दाबून फोडायला 200 मेगापास्कल, म्हणजे चौरस सेंटिमीटरला दोन टन लागतात; ओढून फाडायला दहाएक मेगापास्कल पुरतात. अणुकचरा जमिनीखाली ठेवायचा, तर ही तफावत आधी डोक्यात पक्की बसली पाहिजे.

स्वीडनमध्ये फोर्समार्कला वापरलेलं अणुइंधन सुमारे 500 मीटर खोल ग्रॅनाइटी खडकात ठेवायचं आहे. बोगद्याच्या तळात 1.75 मीटर व्यासाची, आठेक मीटर खोल उभी भोकं. प्रत्येकात 5 सेंटिमीटर जाड तांब्याच्या कवचाचं पिंप आणि भोवती बेंटोनाइट माती. (आपल्या पायाखाली बेसाल्ट आहे. कोयनेला ग्रॅनाइट गाठायला एक किलोमीटरहून खाली जावं लागलं.)

एवढ्या खोलीवर वरच्या खडकाचं ओझं भरतं जेमतेम 13 मेगापास्कल. मग 200 सोसणारा दगड फुटेल कशाला? कारण अशा जुन्या खडकांत आडवा दाब उभ्यापेक्षा कितीतरी मोठा असू शकतो. कॅनडात पिनावाजवळच्या भूमिगत प्रयोगशाळेत 420 मीटरवर आडवा दाब एका दिशेला 60, दुसरीकडे 45 आणि उभा फक्त 11 मेगापास्कल निघाला. तिथे 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला 3.5 मीटर व्यासाचा गोल बोगदा खोदला, तोही सुरुंग न लावता. ओळीनं छिद्रं पाडून हायड्रॉलिक पाचरींनी खडक फाडला. सुरुंगाची इजा आणि दाबाची इजा एकमेकींत मिसळू नये म्हणून ही मेहनत.

भोक पाडलं की तिथून जाणारा दाब वळसा घेतो आणि कडेवर दाटतो. जर्मन अभियंता किर्श यांचं 1898 चं सूत्र गोल भोकाच्या कडेवरचा सर्वांत मोठा दाब सांगतं: मोठ्या दाबाची तिप्पट, वजा लहान दाब. बोगद्याची लांबी 45 च्या दिशेला होती, म्हणून हिशेबात उरले 60 आणि 11. 180 वजा 11, म्हणजे 169. त्याच ग्रॅनाइटचा नमुना यंत्रात 200 च्या वर टिकत होता. हिशेबानं बोगदा टिकायला हवा होता. टिकला नाही. पातळ पापुद्रे सुटत सुटत छताला आणि तळाला टोकदार खाच पडली. उलटा हिशेब मांडला तेव्हा कळलं, खडक 120 च्या आसपासच हरला होता.

ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्‌झ, फेल्डस्पार, अभ्रक यांचे कण खेटून असतात आणि प्रत्येकाचा कडकपणा वेगळा. दाब वाढला की कणांच्या सांध्यांत जागोजागी ताण येतो, दाबाच्या दिशेला समांतर बारीक चिरा पडतात. यंत्रातल्या नमुन्यातही हे निम्म्या ताकदीला सुरू होतं. सेन्सरना टिकटिक ऐकू येते. पण तिथे चिरा लगेच एकमेकींना मिळत नाहीत. बोगद्याच्या कडेला मात्र आतून धरून ठेवणारं काहीच नसतं. चीर भिंतीला समांतर धावते, पापुद्रा बाहेर वाकतो आणि गळतो. शिवाय खोदकाम पुढे सरकताना दाबाची दिशा फिरते, तिनं खडक आधीच दुखावलेला असतो.

पिनावातली मला सगळ्यांत मोलाची वाटणारी नोंद तळाची आहे. खोदलेला चुरा तळावर पडून होता तोवर तिथली खाच थांबलेली होती. चुरा उचलला आणि पापुद्रे पुन्हा सुटू लागले. नुसत्या चुऱ्याचं वजन ते किती!

हीच गोष्ट स्वीडनच्या एस्पो प्रयोगशाळेत 450 मीटरवर मुद्दाम तपासली. 1.75 मीटरची दोन भोकं, मध्ये एक मीटरची भिंत, बाजूला हीटर. एका भोकात पाण्याचा सुमारे 0.7 मेगापास्कल दाब ठेवला, ट्रकच्या टायरमध्ये असतो तेवढा. मोकळ्या भोकाची कड 120 च्या सुमारास सोलली गेली. धरलेलं भोक दाब काढेपर्यंत शाबूत राहिलं.

हीटर यासाठी की पिंप तापतं. खडक 50 अंशांनी तापला आणि पसरायला जागा नसली, तर ढोबळमानानं 25 ते 30 मेगापास्कलची भर पडते. खोदताना धड राहिलेलं भोक पुढे उष्णतेनं सोलू शकतं ते असं. आणि चिरेची रुंदी दुप्पट झाली तर तिच्यातून पाणी दुप्पट नव्हे, आठपट वाहतं. भिंत कोसळण्यापेक्षा मला ही भीती मोठी वाटते.

उपाय आधी आखणीत करायचा. पिनावाचे आकडे घ्या: बोगद्याची लांबी मोठ्या दाबाच्या दिशेला ठेवली तर कडेवरचे 169 चे 124 होतात. किंवा बोगद्याची मूळ दिशा न बदलता, गोलाऐवजी मोठ्या दाबाकडे लांबट, दोनास एक असा लंबगोल घेतला तर 109.

मग मातीचं. बेंटोनाइट भिजून फुगलं की भिंतीला कित्येक मेगापास्कलनं रेटतं, पण कोरड्या खडकात त्याला पाणी मिळायलाच फार काळ लागतो आणि उष्णता तर पहिल्या काही दशकांतच चढते. म्हणून पिंपाभोवतीचे मातीचे ठोकळे आणि भिंत यांतली पाचेक सेंटिमीटरची फट बेंटोनाइटच्या गोळ्यांनी ठासून भरायची. गोळ्या फुगल्या नाहीत तरी सुटू पाहणारा पापुद्रा त्या जागेवर धरून ठेवतात, पिनावाच्या तळावरच्या चुऱ्यासारख्या.