सराफ्यातला दोना

[दृश्य: सराफा, रात्री साडेदहा. दह्याने भरलेला दोना हवेत.]

इंदूरचा सराफा. दिवसा इथं सोनं तोललं जातं, रात्री त्याच पेढ्यांपुढे गराडू, म्हणजे कंद, तळतात. आणि दहीवडेवाला भरलेला दोना, म्हणजे आपला द्रोण, असा वर भिरकावतो. दही जागच्या जागी!

हा शॉट आम्ही दोनदा घेतला. एकदा सेकंदाला 30 फ्रेमनी, म्हणजे 30 स्थिर चित्रांनी, एकदा 60 नी.

[दोन्ही शॉट शेजारी शेजारी.]

चारेक फूट वर जाऊन परत हातात यायला दोन्याला सेकंदभर लागतो. हातातून सुटतो तेव्हा वेग सगळ्यात जास्त. 30 मध्ये एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत तो सुमारे 16 सेंटीमीटर सरकतो, 60 मध्ये 8. म्हणून इकडे तो धडपडत चढतो आणि तिकडे सरळ वर जातो. पण टोकाला पाहा. तिथं दोना क्षणभर थबकतो, आणि तिथं दोन्ही शॉट सारखेच. गंमत आहे ती फक्त सुटताना आणि झेलताना.

[इंदूरची रामबाग. आत्या, हातात फोन.]

आत्याला दोन्ही दाखवले. म्हणाली, "एकच आहेत रे, उगाच काय बनवतोस मला?"

तिचं बरोबर होतं. डेटा वाचवायला तिनं क्वालिटी 480 वर ठेवलेली. यूट्यूबवर 60 फ्रेम 2014 पासून मिळतात, पण 720 किंवा त्याच्या वर. खाली उतरलात की 30. आम्ही रात्र जागून चढवलेलं तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

720 लावून दिलं, तेव्हा दोना तिला पटला. मग लागली तिची स्वतःची मुलाखत, तीही 60 मध्ये.

"शी! सिरीयलमधली सासू दिसतेय मी."

बोलपट आले तेव्हापासून सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमवर चालत आलाय, आणि आपला टीव्ही सेकंदाला 50 अर्ध्या चित्रांवर, एकाआड एक ओळींच्या. हा गुळगुळीतपणा आपल्या डोळ्यांनी मालिकांमध्येच पाहिलाय. पाटावर बसून गप्पा मारणाऱ्या आत्याला त्याचा उपयोग शून्य.

[पुन्हा सराफा. दिवे.]

आणि तो गुळगुळीतपणा फुकट येत नाही. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. 25 फ्रेमला शटर पन्नासांश सेकंद उघडं ठेवता येतं, दर फ्रेममध्ये बरोबर दोन लुकलुकी मावतात, चित्र स्थिर राहतं. 60 मध्ये तेवढा वेळच नाही. शटर एका लुकलुकीपुरतं, शंभरांशावर न्यावं लागतं, म्हणजे उजेड निम्मा. मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, चढवा, की अंधारात चित्रावर दाणे उठतात. ते दाणेही डेटा खातात. तसंही 1080 साठी यूट्यूब 30 फ्रेमला सेकंदाला 8 मेगाबिट सुचवतं, 60 ला 12. क्रिकेट असेल, रंगपंचमीची गेर, म्हणजे मिरवणूक, असेल, तर द्यावेत. भुट्ट्याचा कीस ढवळताना दाखवायला कशाला?

आम्ही सगळी फिल्म 25 वर ठेवली. दोना मात्र पुन्हा, 50 वर घेतला आणि 25 वर चालवला, निम्म्या वेगानं.

[दोना सावकाश वर जातो. आत्या फोन नाकाशी धरते.]

"थांब, थांब. ते बघ, कडेला. एक थेंब उडालाय."