रेव्हरंड हे पद नाही हो! फादर, पाळक, बिशप, कार्डिनल : सगळा घोळ एकदाचा

नमस्कार मंडळी! मे २०२५ मध्ये नवे पोप निवडले गेले आणि तेव्हापासून कमेंटमध्ये रांग लागलीय. फादर मोठा की बिशप? पाद्री वेगळा का? एका दादांनी तर विचारलंय, "फादरच्या बायकोला मदर म्हणतात का?" दादा, थांबा, येते तुमच्याकडे.

आधी सोपं उरकते. कॅथलिकांत गुरुदीक्षेच्या पायऱ्या तीनच. डीकन, धर्मगुरू, बिशप. डीकन बाप्तिस्मा देतो, पण मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, अर्पण करू शकत नाही. ती धर्मगुरू करतो. त्यालाच आपण फादर म्हणतो. पाद्री म्हणजे पोर्तुगीजांचा 'पाद्रे', अर्थ तोच, बाप. धर्मप्रांत सांभाळतो तो बिशप. आमचा वसईचा धर्मप्रांत १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा झाला, तेव्हा आम्हाला आमचे बिशप मिळाले. झालं!

आता माझं खरं दुखणं. रेव्हरंड.

भावाच्या लग्नाची पत्रिका छापायला टाकली होती. प्रूफ बघते तर 'रेव्ह. फादर'मधलं फादर गायब. प्रेसवाले काका म्हणाले, "ताई, एका माणसाला दोन पोस्ट कशा? मोठी ठेवलीय."

अहो काका, ती पोस्ट नाही! कीर्तनकाराच्या नावाआधी ह.भ.प. लावतात ना? 'गावात ह.भ.प.ची जागा रिकामी आहे' असं कुणी म्हणतं का? तसंच हे. रेव्हरंड म्हणजे आदरणीय, बस्स.

अजून पटत नसेल तर रेव्हरंड ना. वा. टिळक घ्या. प्रॉटेस्टंट, लक्ष्मीबाईंचे यजमान, भरला संसार. आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो, आमच्या वसईचे, कॅथलिक, अविवाहित. पाकिटावर रेव्हरंड दोघांनाही शोभतं. पण 'फादर टिळक' म्हणून बघा, कसं खटकतं! म्हणजे रेव्हरंडवरून ना पंथ कळतो, ना काम.

आणि तिसरं, बिशपच्या नावाआधीही 'मोस्ट रेव्हरंड' लिहितातच. ते निवृत्त झाले की धर्मप्रांत दुसऱ्याकडे जातो, रेव्हरंड जागच्या जागी. पद असतं तर तेही सोडावं लागलं असतं ना? (आता यावरही कुणीतरी "ताई, पण गूगलवर तर..." लिहिणार. लिहा.)

कार्डिनलचंही थोडं असंच. ती गुरुदीक्षेची चौथी पायरी नाही. पोप नेमतात, आणि ८० वर्षांच्या आतले कार्डिनल पुढचा पोप निवडतात. मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस डिसेंबर २०२४ मध्ये ८० वर्षांचे झाले, म्हणून मे महिन्यात त्यांना मत नव्हतं. कार्डिनल मात्र ते आहेतच. गोव्याचे फिलिप नेरी फेर्राव मतदानाला होते.

हां, दादा! आपल्याकडच्या चर्चमधले बहुतेक फादर लग्नच करत नाहीत, तेव्हा बायकोचा प्रश्न मिटला. मदर म्हणजे मठातल्या सिस्टरांची प्रमुख. संसार असतो तो प्रॉटेस्टंट पाळकांना, म्हणजे तुमच्या भाषेत पास्टरना. बिशप त्यांच्यातल्या काही चर्चमध्येही असतात, आणि त्या बिशपनाही बायकोमुलं असू शकतात.

हे मला तरी कुठे माहीत होतं? कॉलेजात असताना नगरला मैत्रिणीकडे गेले होते. पाळकसाहेब घरी आले, मी वसईच्या सवयीने उठून म्हणाले, "या फादर." शेजारी त्यांच्या पत्नी बशीत चहा ओतत होत्या, त्यांचा हात तसाच थांबला. पाळकसाहेबांनी मागे लपलेल्या आपल्या चिमुरडीला पुढे ओढलं आणि म्हणाले, "आहे ना, हिचा."