अष्टावधानी किती जण?

आधी एक करून बघू या. मनातल्या मनात नको, मोठ्याने. एक ते दहा म्हणा. आता क, ख, ग पासून ञ पर्यंत. तेही जमलं. आता दोन्ही एकत्र: एक-क, दोन-ख, तीन-ग...

ऐकलंत? पाच-ङ येईपर्यंत आवाज बारीक झाला आणि सात-आठच्या पुढे पहिल्या रांगेतले दोघेच उरले. अंक पाठ, अक्षरंही पाठ. अडलं ते एकावरून दुसऱ्यावर उडी मारताना. दर उडीला ‘मी कुठे होतो’ हे नव्याने शोधावं लागतं. आर्थर जेर्सिल्ड या मानसशास्त्रज्ञाने या उड्यांत जाणारा वेळ १९२७ मध्येच मोजला होता. आपण मल्टिटास्किंग म्हणतो ते बहुतेक वेळा हेच. चालता चालता गप्पा मारणं निराळं, कारण चालणं अंगवळणी पडलेलं असतं. तरीही वाटेत खड्डा आला की बोलणारा वाक्य अर्ध्यावर सोडतो, बघा कधी.

मग खरे अष्टावधानी नसतातच? असतात. अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठातल्या जेसन वॉटसन आणि डेव्हिड स्ट्रेयर यांनी २०१० साली याचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०० जणांना सिम्युलेटरवर गाडी चालवायला बसवलं. पुढची गाडी मधूनमधून ब्रेक मारणार, आणि त्याच वेळी फोनवर गणितं तपासायची नि मध्ये सांगितलेले शब्द क्रमाने लक्षात ठेवायचे. सरासरी काढली तर एकेक काम वेगळं करतानाच्या तुलनेत ब्रेक दाबायला २० टक्के जास्त वेळ लागला आणि शब्द आठवण्यात ११ टक्के घट झाली. पाच जणांचं मात्र काहीच बिघडलं नाही. पाच! म्हणजे अडीच टक्के. संख्या लहान आहे, पण निव्वळ योगायोगाने निघाले असते त्याहून ती बरीच मोठी आहे. मला हे पाच जण फार मोलाचे वाटतात, कारण त्यांच्यामुळे ‘कुणालाच जमत नाही’ असं सरसकट म्हणता येत नाही.

पण आता तुमच्यापैकी बरेच जण मनात म्हणत असतील, त्या पाचांतला मी एक. काळजी वाटते ती याचीच. त्याच विद्यापीठातल्या २०१३ च्या अभ्यासात ३१० विद्यार्थी होते. त्यातल्या सुमारे ७० टक्क्यांना आपण मल्टिटास्किंगमध्ये सरासरीपेक्षा वरचढ आहोत असं वाटत होतं. हिशेबातच न बसणारी गोष्ट! आणि गाडी चालवताना जे सर्वांत जास्त फोनवर बोलत, त्यांचेच मल्टिटास्किंगच्या चाचणीतले गुण कमी निघाले. ज्याला लक्ष आवरत नाही तोच एका वेळी चार कामांना हात घालतो, असं त्यातून दिसतं. तेव्हा ‘मला जमतं’ ही भावना पुरावा म्हणून धरू नका.

कुणी म्हणेल, मी हँड्सफ्री वापरतो. त्या २०० जणांच्या चाचणीतला फोनही हँड्सफ्रीच होता.