तापीच्या डाव्या हाताच्या नद्या

मंडळी, पत्रिकेत आजचा विषय 'खानदेशातील नद्या आणि त्यांचा भूगोल' असा छापला आहे. म्हणजे मी तापीपासून सुरुवात करावी, अशी तुमची अपेक्षा असणार. ती पुरी करतो आणि तापीला बाजूला ठेवतो. बैतूल जिल्ह्यात मुलताईला उगम, लांबी ७२४ किलोमीटर, सुरतेपाशी समुद्र. खोरं सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटरचं, त्यातलं तीन चतुर्थांशाहून जास्त महाराष्ट्रात. एवढं शाळेत पाठ केलेलं असतं. मला आज वेगळंच म्हणायचं आहे. खानदेश तापीकाठी वसला हे खरं, पण तापीच्या पाण्यावर तो फारसा कधी जगला नाही. तो जगला तिच्या डाव्या हाताला येऊन मिळणाऱ्या नद्यांवर. गिरणा, पांझरा, बोरी, बुराई, वाघूर. तापी पश्चिमेला वाहते, म्हणून डावा हात दक्षिणेचा, सह्याद्री-सातमाळ्याकडचा. उजवा हात सातपुड्याचा. या दोन हातांची गोष्ट वेगवेगळी का, हे नकाशात लगेच दिसत नाही.

आधी तापीच का नाही, ते पाहू. तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांची यात्रा भरते, तिला तुमच्यातले बरेच जण गेले असतील. घोडे पाहून झाले की पुलावर उभं राहून खाली बघा. पाणी किती खोल आहे! शेतं वर, नदी दहा-पंधरा मीटर खाली, काही ठिकाणी त्याहूनही खाली. काठ उभे, मातीचे, पावसाने चिरलेले. दोन्ही अंगांना नाल्यांनी जमीन अशी कुरतडलीय की नदीपर्यंत बैलगाडी उतरवायची तर वाट शोधावी लागे. इतक्या खालचं पाणी पाटाने शेतावर नेता येत नाही. मोट पुरत नाही. ते चढवायला इंजिन लागतं, वीज लागते, आणि ती आली अगदी अलीकडे. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा या बॅरेजमध्ये पाणी अडलं, तरी ते वर चढवणाऱ्या उपसा योजना कितीतरी वर्षं नुसत्या उभ्या होत्या. शेतकरी बांधावर उभा राहून भरलेली नदी बघत होता, इतकंच.

नदी इतकी खोल का? तर ती मुळात खचलेल्या जमिनीत वाहते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर साचून आपला काळा दगड तयार झाला. पुढे नर्मदा आणि तापी यांच्या रेषेवर जमिनीला मोठ्या भेगा पडल्या. नर्मदेच्या आणि तापीच्या रेषेवरचे दोन पट्टे खाली बसले, त्यांच्या मधला सातपुड्याचा ठोकळा वर राहिला. दख्खनचं पठार एकूण पूर्वेला कललेलं आहे. त्र्यंबकला समुद्र हाकेच्या अंतरावर असताना गोदावरी पाठ फिरवून बंगालच्या उपसागराकडे निघते, ती त्याच कलामुळे. तापी आणि नर्मदा या भेगांत सापडल्या म्हणून उलट्या, पश्चिमेला गेल्या. सातपुडा आणि सातमाळा या दोन छपरांच्या मधली पन्हळ म्हणजे तापी. पण ही पन्हळ मधोमध नाही, उत्तरेच्या छपराला जवळजवळ खेटून आहे. रावेर-यावल भागात तापीपासून सातपुड्याचा पायथा वीस-पंचवीस किलोमीटरवर येतो. दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत जायचं तर त्याच्या दुप्पट-तिप्पट चालावं लागतं. खानदेशाचं पुढचं सगळं यावर ठरलं.

उजव्या हाताच्या नद्या आखूड आहेत. सुकी, मोर, अनेर, अरुणावती, गोमाई. डोंगरातून धाडकन खाली येतात, चार तास वाहतात आणि संपतात. संपतात म्हणजे तापीपर्यंत पोचतातच असं नाही, बऱ्याचदा वाटेत जिरतात. पायथ्याशी त्यांनी हजारो वर्षं दगडगोटे आणि जाड वाळू आणून टाकली आहे. उतार संपला की पाण्याचा जोर संपतो, जड माल तिथेच पडतो. भूजलवाले याला बझाडा पट्टा म्हणतात. या गोट्यांवर पाणी आलं की दिसेनासं होतं. ते खाली गाळात जातं आणि दक्षिणेकडे सरकतं. तापीकाठचा हा गाळ काही ठिकाणी शेकडो मीटर जाड आहे. महाराष्ट्रात बाकीकडे चार पुरुष खोल खणलं की काळा दगड लागतो, इथे लागत नाही. जळगावची केळी जी जगभर जाते, ती या गाळात साठलेल्या पाण्यावर. नदीच्या पात्रातल्या पाण्यावर नव्हे.

इथे थोडं कडू बोलतो. हे पाणी साठायला जितका काळ लागला, त्याच्या मानाने ते आपण डोळ्याची पापणी लवेपर्यंत उपसलं. रावेर-यावलमध्ये विहिरी आटल्या, मग विहिरीत आडवे बोअर झाले, मग उभे बोअर, मग त्याहून खोल. वडिलांच्या विहिरीच्या तळाशी मुलाची बोअर सुरू होते. आता तापीचं पावसाळ्यातलं पाणी कालव्याने सातपुड्याच्या पायथ्याला नेऊन त्याच गोट्यांत जिरवायची मोठी योजना आहे. मेगा रिचार्ज म्हणून तुम्ही पेपरात वाचलं असेल. २०२५ मध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्यात तिचा करारही झाला. भूगोलाच्या दृष्टीने कल्पना चोख आहे. जिथे निसर्ग पाणी जिरवत होता, तिथेच जिरवायचं. फक्त जिरवलेलं पाणी कोणी किती उपसायचं, हे कोणी ठरवायचं, यावर अजून फारसं कोणी बोलत नाही.

आता डावा हात. इथे मला जरा वेळ लागेल.

गिरणा उगम पावते नाशिक जिल्ह्यात, केमच्या डोंगरात. तिथे पाऊस कोकणासारखा कोसळतो. आणि ती वाहते कुठे? मालेगाव, चाळीसगाव, भडगाव, पाचोरा, जळगाव. पावसाच्या सावलीतला मुलूख. पांझरेचंही तेच. पिंपळनेरच्या वर शेंदवडच्या डोंगरात जन्म, मग साक्री, धुळे, आणि शिंदखेडा तालुक्यात मुडावदला तापीशी भेट. शिंदखेड्याला वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडला तरी लोक समाधानी असतात. म्हणजे या नद्या पाऊस एका ठिकाणचा घेतात आणि वाहतात दुसऱ्या ठिकाणी. धुळ्यात आभाळ कोरडं ठणठणीत, आणि तरी पहाटे कोणीतरी ओरडतं, 'पांझराले पूर उना!' वर पिंपळनेरकडे रात्री झोडपलेलं असतं. सातपुड्याच्या नद्यांना ही सोय नाही. त्यांचा माथा आणि पायथा एकाच पावसावर.

शिवाय या नद्या लांब आहेत, उतार मंद आहे, पात्र फार खोल गेलेलं नाही आणि पात्रात जागोजागी कातळ उघडा आहे. धुळे-नंदुरबार भागात जमिनीतून काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती निघालेल्या दिसतात. भेगांत लाव्हा चढून तिथेच गोठला, त्या या भिंती, भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. साक्री-नंदुरबार रस्त्याने जाताना टेकड्यांच्या सरळ रांगा दिसतात ना, किल्ल्याचा तट पडून राहिल्यासारख्या, त्या त्याच. नद्या या भिंती कापत येतात. पक्का कातळ आणि हाताशी असलेलं पाणी, बंधारा घालायला आणखी काय पाहिजे?

म्हणून पांझरा, कान, बुराई, मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धत उभी राहिली. निदान तीनशे वर्षांपूर्वीची. पुस्तकात तिच्याबद्दल दोन ओळी येतात आणि तिथेच विषय संपतो, म्हणून जरा जवळून सांगतो. कातळावर दगड-चुन्याचा ठेंगणा बंधारा. पाणी अडवून ठेवायला नाही, फक्त वळवायला. पूर आला की तो बंधाऱ्याच्या डोक्यावरून जातो, म्हणून गाळाने तो भरून निकामी होत नाही. बाजूने पाट निघतो. पाटात पाणी जास्त झालं तर ते परत नदीत सोडायला सांडम. पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतात जाणारे सारंग. गावाची सगळी भिजणारी जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एका फडात ऊस, दुसऱ्यात गहू किंवा हरभरा, आणि दरवर्षी पीक पुढच्या फडात सरकणार. कोणत्या फडाला यंदा पाणी आणि कोणता पडीक ठेवायचा, हे नदीत किती पाणी आहे ते बघून गाव ठरवणार. पाणी द्यायला पाटकरी, पीक राखायला जागल्या. शेतकऱ्याने स्वतः पाण्याला हात लावायचा नाही.

यातली खरी हुशारी कशात आहे सांगू? जवळपास प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा प्रत्येक फडात असायचा. दुष्काळात एक फड बंद ठेवला, तर नुकसान सगळ्यांचं सारखं. पाटाच्या तोंडाशी जमीन असलेला दांडगा आणि शेपटाला असलेला गरीब, ही वाटणीच तिथे नीट जमत नाही. आज आपल्या कालव्यांवर भांडण नेमकं याचंच आहे. विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागले आणि त्यांचं अगदी सुरुवातीचं काम आपल्या खानदेशातलं, पांझरेच्या पाण्यासाठी नळाचा सायफन बांधण्याचं. तेविशीतल्या इंजिनिअरने फड डोळ्यांनी पाहिले असणार, असं मला वाटतं.

फड मोडले कशाने? एका कारणाने नाही. वर धरणं झाली. पांझरेवर लाटीपाडा, मग अक्कलपाडा, कानवर मालनगाव. पावसाळ्यानंतर नदीला असलेली जिवंत धार कमी झाली. विहिरीवर वीजपंप बसला, ज्याच्याकडे पंप त्याला गावाची गरज उरली नाही. आणि वाळू. पात्रातली वाळू उपसली की पात्र खाली जातं आणि पाटाचं तोंड वर, कोरडं राहतं. बंधारा शाबूत, कातळ शाबूत, पण पाण्याची पातळीच निघून गेलेली. गिरणेच्या काठी तर वाळूबद्दल बोलताना लोक आवाज खाली करतात.

बाकीच्यांना धावती भेट देतो. वाघूर मला लाडकी. अजिंठ्याची लेणी जिच्या वळणावर कोरली आहेत ती हीच, उगमापासून फार दूर न जाता. कातळ कापत तिने जो अर्धगोल कडा तयार केला, त्या कड्याच्या पोटात लेणी आहेत. पर्यटक लेणी बघून परत फिरतात, नदी मात्र पुढे जळगावला पाणी पाजायला येते. बोरी अमळनेरची. वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा तिच्या वाळवंटातच भरते, कारण तेव्हा पात्रात पाणी नसतं, आणि यात्रेची जागा ठरवणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक होतं. तितूर चाळीसगावची. एरवी तिला नाला म्हणून हिणवतात. ३१ ऑगस्ट २०२१ ला तिने चाळीसगावात काय केलं ते तिथल्या दुकानदारांना विचारा. पाटणादेवीच्या डोंगरात रात्रभर पाऊस आणि खाली आकसून टाकलेलं पात्र.

पूर्णा विदर्भातून येते आणि चांगदेवला तापीला मिळते. त्याच्या खाली तापीवर हतनूर धरण, ४१ दरवाज्यांचं. चांगदेवला पूर्णा, मुडावदला पांझरा, प्रकाशाला गोमाई. जिथे दोन नद्या मिळतात तिथे देऊळ आहेच. संगमावर पात्र रुंद होतं, काठ थोडे उतरते होतात, पाण्यापर्यंत पायी जाता येतं. खोल तापीला माणूस जिथे भेटू शकतो अशा मोजक्या जागा या. कानबाई या आपल्या देवीला विसर्जनासाठी नदीवर न्यायचं तरी गाव आपल्या अंगणातल्या उपनदीकडेच वळतं.

नर्मदेचं नाव मी घेतलं नाही, म्हणून धडगाव-अक्कलकुव्याकडची मंडळी नाराज दिसतात. महाराष्ट्राच्या सीमेवर ती ५४ किलोमीटर वाहते, आणि सरदार सरोवरात आपली ३३ गावं बाधित झाली. तो विषय अर्ध्या तासात उरकण्यासारखा नाही, त्यावर वेगळं बोलू.

आता चिठ्ठीतून आलेला प्रश्न. नार-पारचं पाणी गिरणेत आलं तर काय होईल? केमच्या रांगेच्या पूर्वेला पडलेलं पाणी गिरणेत येतं, पश्चिमेचं नार आणि पार या नद्यांतून गुजरातकडे उतरून समुद्राला मिळतं. ते उचलून अलीकडे टाकायचं, २०२४ मध्ये राज्याने याला मान्यता दिली. पाणी डोंगर चढवायचं म्हणजे विजेचं बिल आलं, ते कोण भरणार हा पहिला मुद्दा. दुसरा जुना आहे. गिरणेचा माथा नाशिक जिल्ह्यात आणि पोट जळगाव जिल्ह्यात. मालेगाव, बागलाण हे तालुके १८६९ पर्यंत खानदेशातच होते, तेव्हा उगम आणि शेवट एका कलेक्टरच्या हाताखाली होते. आता गिरणेवरच्या वरच्या चणकापूर धरणाचं आवर्तन, म्हणजे पाण्याची ठरलेली पाळी, सुटली की पाणी खाली गिरणा धरणापर्यंत किती पोचलं, यावर दरसाल दोन जिल्ह्यांत पत्रापत्री होते. मधल्या गावांचे पंप रात्रीतून नदीत उतरतात, हेही सगळ्यांना माहीत आहे. वरून आणखी पाणी सोडलं तर ते याच पात्रातून, याच पंपांसमोरून येणार. गिरणेवरच्या खालच्या जामद्याच्या बंधाऱ्याला त्यातलं किती लागेल, हे योजनेच्या कागदावर आधी लिहून घ्या, असं मी भडगाव-पाचोऱ्याच्या लोकांना सांगेन. दुसरी चिठ्ठी द्या.