बायकोचं नागरिकत्व आणि नवऱ्याचा वंश

मंडळी, 1913 साली सॅन फ्रान्सिस्कोत एथेल मॅकेंझी मतदारयादीत नाव घालायला गेल्या. जन्म कॅलिफोर्नियातला. 1911 मध्ये त्या राज्यात बायकांना मताधिकार मिळाला, त्या चळवळीतही त्या होत्या. तरीही नोंदणी नाकारली गेली. 1909 मध्ये त्यांनी एका स्कॉटिश गायकाशी लग्न केलं होतं, आणि 1907 च्या कायद्याचं तिसरं कलम सांगत होतं की परदेशी माणसाशी लग्न करणारी अमेरिकन स्त्री नवऱ्याचं नागरिकत्व घेते. 1915 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर शिक्कामोर्तब केलं. लग्न स्वखुशीने केलंत, परिणाम ठाऊक होते, म्हणजे नागरिकत्वही स्वखुशीनेच सोडलंत, असा एकूण युक्तिवाद.

अमेरिकन पुरुषाने परदेशी बाईशी लग्न केलं तर त्याचं काहीच जात नसे. उलट 1855 च्या कायद्याने ती बायको आपोआप अमेरिकन व्हायची. अट एकच: ती स्वतः नागरिक व्हायला पात्र हवी. पात्र म्हणजे 1790 च्या कायद्याप्रमाणे गोरी. 1870 पासून आफ्रिकी वंशाचीही. चिनी बायकोला या कलमाचा काही उपयोग नव्हता.

22 सप्टेंबर 1922 ला केबल कायदा आला. स्त्रियांना स्वतंत्र नागरिकत्व मिळालं, असं त्याचं वर्णन आजही होतं. निम्मंच खरं आहे. नवरा ‘नागरिकत्वास अपात्र परदेशी’ असेल, तर बायकोचं नागरिकत्व पूर्वीसारखंच जाणार होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ओझावा खटल्यात जपानी माणूस अपात्र ठरला आणि फेब्रुवारी 1923 मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीय.

आता याची साखळी बघा. थिंड यांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात उभे राहिलेल्यांपैकी एक वकील होते सखाराम गणेश पंडित. ते स्वतः 1914 मध्ये नागरिक झाले होते आणि त्यांची बायको लिलियन गोरी अमेरिकन. थिंड हरल्यावर सरकारने पंडितांचंही नागरिकत्व रद्द करायला दावा लावला. ब्रिटिश प्रजाजनत्व त्यांनी 1914 लाच सोडलेलं, त्यामुळे ते कुठल्याच देशाचे उरले नसते. केबल कायद्याने लिलियन यांचंही नागरिकत्व त्यांच्याबरोबर गेलं असतं. शिवाय कॅलिफोर्नियाच्या 1913 आणि 1920 च्या जमीन कायद्यांप्रमाणे अपात्र परदेशी व्यक्तीला शेतजमीन बाळगता येत नसे, म्हणजे बाईंच्या स्वतःच्या जमिनीवरही गदा येणार होती. पंडितांनी हेच न्यायालयापुढे मांडलं आणि पुढे म्हटलं, माझा वंश 1914 च्या न्यायाधीशाला माहीत होता, तेव्हा सरकारने अपील का केलं नाही? 1926 मध्ये अपील न्यायालयात ते जिंकले. 1927 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अर्ज ऐकायलाच नकार दिला, आणि इतर भारतीयांवरचे असे दावे थंडावले. वंशाचा मुद्दा मात्र त्यांनी जिंकला नव्हता. एकदा निकाली निघालेली गोष्ट सरकारला पुन्हा उकरता येत नाही, एवढाच तो विजय. वकिली म्हणून अव्वल!

सर्वांत वाईट फटका अमेरिकेत जन्मलेल्या चिनी वंशाच्या मुलींना बसला. गोऱ्या बाईला घटस्फोटानंतर किंवा नवरा वारल्यावर अर्ज करून परत नागरिक होता येत होतं. चिनी वंशाच्या मुलीने चीनमधून आलेल्या माणसाशी लग्न केलं की जन्मसिद्ध नागरिकत्व जायचं, आणि परत मिळवायला ती स्वतःच ‘अपात्र’! 1931 च्या दुरुस्तीने हा फास सुटला.

दुसरं टोक लग्नाच्या परवान्याच्या खिडकीवर होतं. कॅलिफोर्नियात गोऱ्यांनी कृष्णवर्णीय किंवा ‘मंगोलियन’ व्यक्तीशी लग्न करायला बंदी होती. 1933 मध्ये न्यायालयाने फिलिपिनो हे मंगोलियन नसून मलय आहेत असं ठरवल्यावर विधिमंडळाने त्याच वर्षी ‘मलय’ हा शब्द यादीत घातला. पंजाबी शेतकरी आणि मेक्सिकन बायका अर्ज घेऊन आल्या की निर्णय खिडकीमागच्या कारकुनाचा. दोघांच्या रकान्यात त्याने ‘ब्राउन’ लिहिलं, तर परवाना मिळे. 1948 च्या पेरेझ खटल्यात मेक्सिकन वंशाच्या आंद्रेआ पेरेझ यांनी ‘गोरी’ लिहिलं, सिल्वेस्टर डेव्हिस यांनी ‘नीग्रो’. परवाना नाकारला गेला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 4 विरुद्ध 3 मतांनी कायदा उडवला. मिश्र रक्ताच्या माणसाला कुठल्या रकान्यात टाकायचं, हे कायद्यालाच सांगता येत नव्हतं, हेही एक कारण. उरलेल्या 16 राज्यांतली आंतरवंशीय लग्नांवरची बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1967 च्या लव्हिंग निकालाने गेली.

समलिंगी जोडप्यांबाबत तीच यंत्रणा उलटी चालली. 1975 मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डरच्या काउंटी क्लर्कने रिचर्ड अॅडम्स आणि त्यांचे ऑस्ट्रेलियन जोडीदार टोनी सलिव्हन यांना परवाना दिला. त्या लग्नाच्या आधारावर केलेला ग्रीन कार्डाचा अर्ज फेटाळला गेला. 1982 मध्ये अपील न्यायालय म्हणालं, संसद समलैंगिकांना देशातच घेत नाही, मग त्यांना जोडीदार म्हणून मान्यता द्यायचा तिचा हेतू कसा असेल? प्रवेशबंदी 1990 मध्ये उठली. जोडीदाराला ग्रीन कार्ड मात्र 2013 च्या विंडसर निकालानंतरच, म्हणजे केंद्र सरकारला समलिंगी लग्नं मानावी लागल्यावरच, मिळू लागलं.

आज पुण्यातल्या एका समलिंगी जोडप्यातल्या एकाला एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा मिळाला, तर दुसऱ्याला एच-फोर हा जोडीदाराचा व्हिसा हवा. अमेरिकन नियम सरळ आहे: लग्न जिथे लागलं तिथे ते कायदेशीर असलं पाहिजे. भारतात ते लागत नाही. 17 ऑक्टोबर 2023 च्या सुप्रियो निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ते संसदेवर सोडलं. म्हणजे आधी अशा देशात जायचं जिथे परदेशी पाहुण्यांनाही लग्न लावता येतं, आणि तिथलं प्रमाणपत्र घेऊन मग व्हिसा मागायचा. व्हिडिओवर उरकायचं म्हणाल, तर अमेरिकेच्या 1952 च्या कायद्यातली अट आडवी येते: दोघं एकमेकांसमोर हजर नसताना लागलेलं लग्न, त्यानंतर शरीरसंबंध झाल्याशिवाय, धरलं जात नाही.