पन्नास जणांचा नकार

६ एप्रिल १९१७. गुड फ्रायडे. वॉशिंग्टनमध्ये पहाटेचे तीन वाजत आलेत. अमेरिकी संसदेच्या म्हणजे काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात रात्रभर भाषणं झाली, आता एकेका सदस्याचं नाव पुकारलं जातंय. पहिल्या महायुद्धात उतरून जर्मनीशी युद्ध करायचं की नाही?

जेनेट रँकिन यांचं नाव येतं. उत्तर येत नाही.

मोंटाना राज्यातून निवडून आलेल्या रँकिन म्हणजे अमेरिकी काँग्रेसमधली पहिली स्त्री. शपथ घेऊन चारच दिवस झालेत. दुसऱ्यांदा नाव पुकारल्यावर त्या उठतात. 'मला देशाच्या पाठीशी उभं राहायचंय, पण युद्धाच्या बाजूनं मत मी देऊ शकत नाही.'

वर्तमानपत्रांनी छापलं, बाई रडल्या. न्यूयॉर्कचे सदस्य ला गार्डिया यांनी युद्धाच्या बाजूनं मत दिलं होतं. त्यांना विचारलं, तर म्हणाले, माझ्याच डोळ्यांत पाणी होतं, मला दिसलं नाही.

बाजूनं ३७३, विरोधात ५०. त्या पन्नासांत सत्ताधारी पक्षाचे सभागृहातले नेते क्लॉड किचिनही होते. तरी 'एकटी बाई हळवी झाली' एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. हे मला फार खुपतं. कारण हा नकार गावागावांतून आला होता.

१९१५ साली जर्मन पाणबुडीनं 'लुसिटानिया' हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडवलं. त्यात १२८ अमेरिकी माणसं गेली. तरीही पुढच्या वर्षी 'यांनी आपल्याला युद्धापासून दूर ठेवलं' या घोषणेवर वुड्रो विल्सन पुन्हा अध्यक्ष झाले. जर्मन वंशाचे शेतकरी, इंग्लंडवर खार खाणारे आयरिश, समाजवादी कामगार यांच्यापैकी अनेकांना युरोपातलं हे भांडण आपलं वाटत नव्हतं. काँग्रेसच्या दुसऱ्या सभागृहात, सिनेटमध्ये, जॉर्ज नॉरिस यांनी तर स्पष्टच सांगितलं, आपण आपल्या झेंड्यावर डॉलरचं चिन्ह लावायला निघालोय. पण जर्मनीनं पुन्हा सरसकट जहाजं बुडवायला सुरुवात केली, मेक्सिकोला अमेरिकेविरुद्ध चिथावणारी त्यांची तार उघड झाली, आणि वारं फिरलं.

मे महिन्यात सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा आला.

ओक्लाहोमातली कुळं आधीच कर्जात रुतलेली. दुसऱ्याच्या जमिनीत कापूस पिकवायचा, त्यातला वाटा मालकाला द्यायचा. आता घरातला कर्ता पोरगाही द्यायचा? ऑगस्टमध्ये त्यातले काही जण बंदुका घेऊन जमले. चालत वॉशिंग्टन गाठायचं आणि युद्ध थांबवायला लावायचं, असं ठरलं. वाटेत खायला काय? शेतातली कोवळी मक्याची कणसं. शेरिफच्या माणसांनी त्यांना जिल्ह्याबाहेरही पडू दिलं नाही. शेकडोंना पकडलं. या उठावाला आजही त्या कोवळ्या कणसांच्याच नावानं ओळखतात.

रँकिन १९४१ मध्ये पुन्हा त्याच सभागृहात होत्या. पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावर जपाननं केलेल्या हल्ल्याला एक दिवस झाला होता. जपानशी युद्धाच्या बाजूनं ३८८, विरोधात १, त्या एकट्या. या वेळी विरोधात ना किचिन होते, ना बाकीचे अठ्ठेचाळीस. बाहेर पडताच लोकांनी त्यांना घेरलं. त्या एका टेलिफोन बूथमध्ये शिरल्या आणि तिथून पोलिसांना फोन लावला, मला कार्यालयापर्यंत पोचवा.